पवित्र शास्त्र आणि पवित्र परंपरा : एकाच झऱ्याचे दोन प्रवाह

"हे बायबलमध्ये कोठे लिहिले आहे?" असा प्रश्न कॅथोलिक भाविकांना अनेकदा विचारला जातो आणि उत्तर देताना कित्येक जण गोंधळतात. म्हणून ख्रिस्तसभेची शिकवणूक समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रभू येशूने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्याने प्रेषितांना शुभवार्ता घोषविण्यास पाठविले. नव्या कराराचे लेखन पूर्ण होण्यापूर्वीच ख्रिस्ती समुदाय बाप्तिस्मा देत होते, भाकर मोडत होते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१५) संत पौल तोंडी आणि पत्राद्वारे मिळालेली, अशी दोन्ही शिकवण दृढ धरण्यास सांगतात. कोणती पुस्तके ईश्वरप्रेरित, ह्याची यादीही बायबलमध्ये नाही. नव्या करारातील २७ पुस्तकांची नेमकी यादी संत अथनेशियस ह्यांच्या इ. स. ३६७ च्या पत्रात आढळते.

बालकांच्या बाप्तिस्म्याचे उदाहरण घेऊ. संपूर्ण कुटुंबाने बाप्तिस्मा घेतल्याचे प्रेषितांची कृत्ये (१६:१५, ३३) सांगते. त्यात बालके होती की नाही, हे सांगत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन मात्र ही प्रथा प्रेषितांकडून आल्याचे नमूद करतात. येथे परंपरा शास्त्राला विरोध करीत नाही, तर त्याचा अर्थ उलगडते.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर ह्यांनी शास्त्र हेच श्रद्धेचे अंतिम प्रमाण मानले. ख्रिस्तसभेत शिरलेल्या गैरप्रकारांविषयीची त्यांची तक्रार निराधार नव्हती. ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंट परिषदेने शास्त्र व प्रेषितीय परंपरा ह्या दोहोंना समान आदराने स्वीकारले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'देई व्हेर्बुम' ह्या दस्तऐवजाने स्पष्ट केले, की दोहोंचा उगम एकच आहे आणि ख्रिस्तसभेचा शिकविण्याचा अधिकार देवशब्दाहून श्रेष्ठ नसून त्याचा सेवक आहे.

मात्र प्रत्येक जुनी चाल ही पवित्र परंपरा नव्हे. मिस्सा शतकानुशतके लॅटिनमध्ये होत असे. परिषदेनंतर ती मराठीत अर्पण होऊ लागली. लॅटिन ख्रिस्तसभेतील धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य हा शिस्तीचा नियम आहे. पूर्वेकडील अनेक कॅथोलिक ख्रिस्तसभांत विवाहित पुरुषांनाही गुरुदीक्षा मिळते. रूढी बदलू शकतात. प्रेषितांकडून लाभलेला श्रद्धेचा ठेवा बदलत नाही.

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने बायबल बंद ठेवावे, असा ह्याचा अर्थ नाही. शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचेच अज्ञान, ही संत जेरोम ह्यांची शिकवण त्याच दस्तऐवजाने पुन्हा अधोरेखित केली. प्रश्न विचारणाऱ्याशी वाद घालण्याऐवजी आपण त्याच्यासोबत बायबल उघडून बसावे, हेच उचित.