ढोरांच्या कोठ्याचं घर

'घर' हा घटक शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर कच्चे घर आणि पक्के घर असा तक्ता काढतो. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, आमचा कोठा कशात लिवू?"

भावाभावांच्या वाटणीत तिच्या बाबांकडे ढोरांचा पडीक कोठा आला. स्लॅबच्या घराला पैसा नाही, म्हणून तिथेच राहायचं ठरलं. मग वर्गच तिकडे नेला.

कौंडण्यपूर म्हणजे वर्धा नदीचा काठ आणि काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर टेकलेली भिंत तडकतेच. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. कोठ्याचा पाया जुन्या लोकांनी तसाच नेला होता, त्यामुळे भिंती शाबूत. सागाच्या खांबांचे बुडखे तेवढे कुजलेले. कुजका भाग कापून खाली दगडी तळखडे बसवले.

खरी अडचण जमिनीची. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलं की मातीत सोरा तयार होतो. तो ओल धरतो, भिंतीवर पांढरा फुलतो आणि पोपडे काढतो. वरून फरशी टाकून हे लपत नाही. त्यांनी फूटभर माती खणून काढली अन् शेतात टाकली. पिकाला ती खतच! खाली मुरूम भरून चोपला, वर शेणामातीचं सारवण.

एका भिंतीला पूर्वी कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. तोच सुटलेला. मातीची भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तिची वाट बंद होते. आता माती, कुटार आणि शेण कालवून, चार दिवस आंबवून लिंपलं. मुलांनी पायाने तुडवायला मदत केली. (कपड्यांबद्दल पालकांची बोलणी मी खाल्ली!)

नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. तिथली बापूकुटी आपण सहलीत दाखवतो, पण बहुतेक वेळा फोटो काढून परततो. गांधीजी 1936 साली तिथे राहायला आले. माती, बांबू, कवेलू असं जवळपासचंच सामान वापरलेली ती कुटी मीराबेनने उभी केली होती. मुलांना भिंतीची जाडी हाताने मोजू द्या, वळचण किती पुढे आहे ते बघू द्या. पावसाचं पाणी भिंतीपासून दूर पडलं नाही तर मातीचं घर टिकत नाही.

कोठ्यात उजेड कमी होता. उत्तरेला खिडकी काढली, छपरात दोन काचेची कवेलू बसवली. पश्चिमेची भिंत बंदच ठेवली, कारण आपल्याकडचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन! आढ्याखाली फट ठेवली, म्हणजे गरम हवा वर जाऊन निघते.

गव्हाण मात्र तोडू दिली नाही त्या पोरीने. त्यात तिची पुस्तकं आहेत. माझ्या तक्त्यात आता तिसरा रकाना आहे, त्याला नाव अजून दिलेलं नाही.