रस्त्यावरील मृत्यू आणि संघटित लोकमत

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भीमा नदीच्या कांठीं वसलेलें खेड हें गांव हुतात्मा शिवराम हरि राजगुरू यांचें जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्यांच्याच स्मरणार्थ त्याला राजगुरुनगर हें नांव मिळालें. गांवाच्या दक्षिणेस चाकणची औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखान्यांच्या मालमोटारी, कामगारांच्या बसगाड्या, शेतमालाचे टेंपो व लांबच्या प्रवाशांच्या मोटारी हीं सारीं वाहनें एकाच वाटेवर येऊन मिळालीं. आणि जो रस्ता पूर्वीं गांवांना जोडीत असे, तोच आतां वाटेवरील गांवांना दुभागूं लागला.

१३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्रीं याच रस्त्यावर राजगुरुनगरनजीक शिरोलीच्या हद्दीत एक हृदयद्रावक घटना घडली. एका मंगल कार्यालयांत वाढपाच्या कामासाठीं पुण्याहून आलेल्या स्त्रियांचा घोळका महामार्ग ओलांडीत असतां एक भरधाव मोटार त्यांच्यावर आदळली. त्यांतील पांच जणींचे प्राण गेले. पोटासाठीं निघालेल्या या बायांचा अपराध एवढाच कीं, त्यांना रस्त्याच्या पलीकडे जावयाचें होतें!

असें कांहीं घडलें म्हणजे लोकांच्या तोंडीं दोन उद्गार येतात. कोणी दैवाला बोल लावतो, कोणी वाहन हांकणाऱ्यास. चालकाचा दोष असेल तेथें त्यास शासन व्हावें, याविषयीं दुमत नाहीं. परंतु तेवढ्यानें विचार पुरा होत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. म्हणजे चालकाला माणूस दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती एखाद्या वाड्याच्या लांबीएवढी पुढें आलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते. तेव्हां जेथें माणसें पायीं रस्ता ओलांडणार हें निश्चित आहे, तेथें वाहनांचा वेग कमी करणें, किंवा माणसांना वरून वा खालून निराळी वाट देणें, यांवांचून तिसरा उपाय नाहीं. माणूस चुकणारच हें गृहीत धरून, त्या चुकीची शिक्षा मृत्यू होणार नाहीं अशी रचना करणें, हें रस्ता बांधणाराचें कर्तव्य होय; आणि रस्ता बांधणारें सरकार आहे.

मग सरकार हें आपण होऊन कां करीत नाहीं, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. सरकार कांहीं निर्दय नसतें. परंतु त्याची दृष्टि एका विशिष्ट प्रकारें आंधळी असते. एखादा पूल कोसळून शंभर माणसें दगावलीं तर चौकशी बसते. पण २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, म्हणजे दर तासाला सरासरी १९. तीं निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या वेळीं, एकएकटीं मेलीं, म्हणून कोणत्याच मंत्र्याची झोंप उडाली नाहीं. त्यांत आणखी जबाबदारीची वांटणी. महामार्ग राष्ट्रीय प्राधिकरणाचा, बाजूची वाट सार्वजनिक बांधकाम खात्याची, नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचें, गल्ली नगरपरिषदेची, वाहनांची नोंदणी परिवहन खात्याची आणि वाहतूक पोलिसांची. सर्वांचें काम तें कोणाचेंच काम नाहीं, अशी अवस्था होते. या विखुरलेल्या मृत्यूंची एकत्र गणना करून तीं सरकारपुढें ठेवणारा कोणीतरी बाहेरचा लागतो, आणि तेंच नागरिकांच्या संस्थांचें कार्य आहे.

पुणें प्रांताला ही रीत नवी नाहीं. १८७० सालीं पुण्यांत सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि १८७६-७७ च्या दुष्काळांत तिनें गांवोगांव माणसें पाठवून खरी परिस्थिति जमविली व ती लेखी स्वरूपांत सरकारपुढें मांडली. नुसती आरोळी न ठोकतां आंकडा पुढें करावयाचा, आणि तो खोडतां येणार नाहीं इतका चोख ठेवावयाचा, हा तिचा धडा होता. रस्त्यांच्या प्रश्नांतही जेथें यश आलें आहे, तेथें याच मार्गानें आलें आहे.

याचें जवळचें उदाहरण मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचें आहे. सेव्ह लाइफ फाउंडेशन नांवाच्या संस्थेनें २०१६ पासून राज्य रस्ते विकास महामंडळ, पोलिस व उद्योगसंस्था यांच्या साह्यानें तेथें मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम हातीं घेतला. प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागेवर जाऊन तपासणी करावयाची, तो कां झाला यापेक्षां त्यांत माणूस कां मेला हें शोधावयाचें, आणि तें कारण दूर करावयाचें, अशी ही पद्धति. कठड्यांचीं उघडीं टोंकें, रस्त्याच्या कडेचे सिमेंटचे खांब, भर मार्गावर उभ्या केलेल्या मालमोटारी, मदत पोंचण्यास लागणारा विलंब, अशीं साधीं वाटणारीं कारणें एकेक करून हाताळण्यांत आलीं. २०१६ सालीं या मार्गावर १५१ माणसें मेलीं होतीं. २०१९ सालीं ९२, व २०२० सालीं ६६. शेवटच्या वर्षीं महामारीमुळें रहदारी थंडावली होती हें ध्यानांत ठेवलें पाहिजे; तथापि त्याच्या आधींच आंकडा मोठा उतरला होता. मृत्यू अटळ नसतो, हें या मार्गानें दाखवून दिलें.

दुसरा मार्ग न्यायालयाचा. २०१२ सालीं कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉक्टर एस. राजसेकरन यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्यांतून २०१४ सालीं निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालीं रस्तासुरक्षा समिति नेमली गेली, आणि ३० नोव्हेंबर २०१७ रोजीं न्यायालयानें राज्यांना विस्तृत आदेश दिले. त्यांतील एक आदेश सामान्य नागरिकांच्या दृष्टीनें मोलाचा आहे: प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं रस्तासुरक्षा समिति असावी, आणि तींत पोलिस, आरोग्य, बांधकाम व परिवहन खात्यांच्या अधिकाऱ्यांबरोबर जिल्ह्यांतील नागरिकही असावेत. त्याच २०१२ सालीं सेव्ह लाइफ फाउंडेशननेंही निराळा अर्ज केला होता. जखमीला उचलून रुग्णालयांत नेणारा भला माणूसच पोलिसांच्या व कोर्टाच्या फेऱ्यांत सांपडतो, म्हणून लोक पाहून न पाहिल्यासारखें करतात, असें तिचें म्हणणें होतें. ३० मार्च २०१६ रोजीं न्यायालयानें अशा साह्यकर्त्यांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक ठरविले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम आलें. त्याच दुरुस्तीच्या १९८-अ कलमानें, सुरक्षिततेचे निकष न पाळणाऱ्या रस्तेबांधणी अधिकाऱ्यास व ठेकेदारासही एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली.

तिसरा मार्ग रस्त्यावर येण्याचा. हॉलंडमध्यें १९७० नंतरच्या दशकांत, मोटारींखालीं चिरडून मरणाऱ्या मुलांसाठीं आईबापांनीं चळवळ उभारली. तिनें रस्त्यांवर मुलांचा हक्क मागितला, आणि त्या देशाच्या गल्ल्यांची घडणच पालटली. इकडे चाकण परिसरांतील नागरिकही स्वस्थ बसलेले नाहींत. वाहतुकीच्या कोंडीनें त्रासून त्यांनीं कृती समिति स्थापन केली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कार्यालयावर मोर्चा नेला. नाशिक फाटा ते खेड या सुमारें ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानें ऑगस्ट २०२४ मध्येंच मंजुरी दिली होती, व त्याचा अंदाजी खर्च ७,८२७ कोटी रुपये ठरला होता.

येथें मात्र एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. कोंडी फुटणें व रस्ता सुरक्षित होणें या दोन गोष्टी एक नव्हेत. कोंडलेल्या रस्त्यावर माणूस त्रासतो. मोकळ्या झालेल्या रस्त्यावर वेग वाढतो, आणि पायीं ओलांडणारा मरतो. ज्याच्यापाशीं मोटार आहे त्याचा आवाज कोंडीविरुद्ध लवकर उठतो. वाढपाच्या कामाला आलेल्या बाईच्या वतीनें मोर्चा कोण काढणार? म्हणून नागरिकांच्या संस्थांनीं मागणी करतांना रुंद रस्त्याबरोबरच ओलांडण्याच्या जागा, पादपथ, बसथांब्यापाशीं दिवे व वस्तीजवळ वेगाला आळा, यांची मागणी निराळी नोंदवून केली पाहिजे. एरव्हीं मिळालेला विजय अर्धाच ठरेल.

लोकमत संघटित झालें म्हणजे तें नेहमीं शहाणपणाच्याच बाजूला असतें, असेंही नाहीं. २०१९ च्या आरंभीं पुण्यांत दुचाकीस्वारांवरील शिरस्त्राणाच्या सक्तीविरुद्ध मोठी निदर्शनें झालीं. जी शक्ति सरकारला जागें करते, तीच त्याला मागेंही ओढूं शकते. तेव्हां दुसऱ्याला शिस्त मागणाऱ्या नागरिकानें ती आपल्या घरापासून सुरू करावी, हें ओघानेंच आलें.

राजगुरुनगरसारख्या गांवांतील सुशिक्षित कुटुंबाला या बाबतींत करतां येण्याजोगें पुष्कळ आहे. सरकारी व्याख्येप्रमाणें महामार्गाच्या सुमारें ५०० मीटर टप्प्यांत तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पांच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण समजली जाते. आपल्या तालुक्यांत अशा जागा कोणत्या, तेथें काय काम मंजूर झालें व तें कितपत झालें, हें २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं कोणासही विचारतां येतें. चार घरांनीं मिळून एक वही ठेवावी. तींत अपघाताची तारीख, वेळ, जागा व कारण टिपावें. ती जिल्हा समितीपुढें न्यावी. उत्तर आलें नाहीं तर पुन्हां न्यावी. यांत वीरश्रीचें कांहीं नाहीं, केवळ चिकाटीचें काम आहे. पण दहा व्यक्तींच्या मृत्यूनंतर कागदावर चढणारी जागा दुसऱ्या वा तिसऱ्या मृत्यूनंतरच दुरुस्त झाली, तर मधल्या सात घरांतील दिवे विझणार नाहींत.

हुतात्म्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गांवाला मरणाचें मोल शिकविण्याची गरज नाहीं. देशासाठीं दिलेला प्राण हें बलिदान होय. रस्ता ओलांडतांना गेलेला प्राण ही केवळ हानि होय, आणि ती थांबविणें माणसाच्या हातीं आहे. सरकार ऐकत नाहीं असें म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्यानें सरकारला पुरावा हातीं घेऊन पुन्हां पुन्हां विचारलें आहे.