विश्वासमत जिंकूनही बोरिस जॉन्सन यांना महिनाभरात का जावं लागलं?

६ जून २०२२. ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन नेतेपदी राहावेत का, यावर त्यांच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या खासदारांनी गुप्त मतदान केलं. बाजूने २११, विरोधात १४८. जॉन्सन जिंकले. पक्षाच्या नियमानुसार आता वर्षभर त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. तरी ७ जुलैला त्यांनी नेतेपद सोडत असल्याचं जाहीर केलं. असं कसं झालं?

लॉकडाऊनमधल्या पार्टीवरून त्यांना आधीच दंड झाला होता. त्यात ख्रिस पिंचर प्रकरण आलं. या खासदाराविरुद्धच्या गैरवर्तनाच्या तक्रारी जॉन्सन यांना माहीत नव्हत्या, असं सरकार सांगत होतं. परराष्ट्र खात्याच्या माजी बड्या अधिकाऱ्याने ५ जुलैला ते खोडून काढलं.

त्याच संध्याकाळी अर्थमंत्री ऋषी सुनक आणि आरोग्यमंत्री साजिद जाविद बाहेर पडले. मग रांगच लागली. नियमाने खुर्ची वाचत होती, पण सरकार चालवायला माणसं लागतात, आणि तीच उरेनात! दोन दिवसांत मंत्री, सहायक मिळून पन्नासहून जास्त जण गेले. मिशेल डोनेलन ५ जुलैला शिक्षणमंत्री झाल्या, ७ जुलैला राजीनामा देऊन मोकळ्या. सुनक यांच्या जागी आलेल्या नदीम झहावी यांनी पद सोडलं नाही, पण जॉन्सन यांनी जावं, असं जाहीरपणे सांगितलं.

आणि तो वर्षभराचा नियम? तो कायदा नव्हताच. खासदारांची ‘१९२२ कमिटी’ तो बदलू शकत होती, आणि तशी चर्चाही सुरू झाली होती.

नवा नेता निवडेपर्यंत, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत, जॉन्सन पंतप्रधानपदी राहिले.