ज्वरजनक चाचणी

ज्वरजनक चाचणी ही शिरेवाटे वा इंजेक्शनाने द्यावयाच्या औषधांत ताप आणणारे पदार्थ (ज्वरजनके) आहेत किंवा काय, हे तपासण्याची पद्धत होय. सलाईन, लसी आणि इतर इंजेक्शने यांच्या सुरक्षिततेसाठी ती आवश्यक मानली जाते.

गरज

ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्य आवरणातील एंडोटॉक्सिन हे प्रमुख ज्वरजनक आहे. उकळल्याने जीवाणू मरतात, परंतु एंडोटॉक्सिन नष्ट होत नाही. त्यामुळे निर्जंतुक केलेल्या द्रवानेही थंडी वाजून ताप येऊ शकतो. मात्रा अधिक असल्यास रक्तदाब घसरून रुग्ण दगावण्याचा धोका असतो. इंजेक्शनानंतर येणाऱ्या अशा तापाचे मूळ ऊर्ध्वपातित पाण्यातील जीवाणुजन्य दूषितात असल्याचे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले.

सशांवरील चाचणी

ही चाचणी १९४२ मध्ये अमेरिकेच्या औषधिकोशात समाविष्ट झाली. तीन सशांच्या कानाच्या शिरेत औषध टोचून पुढील तीन तास त्यांच्या शरीराचे तापमान मोजले जाते. तेवढा वेळ त्यांना हालचाल करता येऊ नये अशा चौकटीत ठेवतात. एंडोटॉक्सिनबाबत सशाची संवेदनशीलता माणसाशी मिळतीजुळती असल्याने त्याची निवड झाली.

हॉर्सशू खेकड्याचे रक्त

एंडोटॉक्सिनमुळे हॉर्सशू खेकड्याचे निळे रक्त साकळते, हे फ्रेडरिक बँग यांच्या संशोधनातून पुढे आले. या आधारे बँग व जॅक लेव्हिन यांनी १९६०च्या दशकात रक्तपेशींच्या अर्काची चाचणी विकसित केली. तिच्यामुळे सशांचा वापर पुष्कळ घटला. तथापि भार दुसऱ्या प्राण्यावर पडला. समुद्रातून पकडलेल्या खेकड्यांचे काही रक्त काढून त्यांना परत सोडले जाते, पण त्यांतील काही मरतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांच्या अंड्यांवर स्थलांतरी पक्षीही अवलंबून असतात.

प्राणिविरहित पर्याय

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील डिंग जीक लिंग व हो बो यांनी रक्त साकळविणाऱ्या साखळीतील 'फॅक्टर सी' हे प्रथिन जनुकीय तंत्राने तयार केले. त्याचे जनुक ज्या जातीचे आहे, ती जात ओडिशा व बंगालच्या किनाऱ्यावरही आढळते. हे प्रथिन केवळ एंडोटॉक्सिन ओळखते. इतर ज्वरजनकांसाठी मानवी रक्तपेशींवर आधारित 'मोनोसाइट सक्रियण चाचणी' वापरतात. युरोपीय औषधिकोशात ती २०१० पासून आहे. सशांवरील चाचणी वगळण्याचा निर्णय युरोपीय औषधिकोश आयोगाने २०२४ मध्ये घेतला.