आडनावातलं गाव

जहऱ्याच्या माणसाला अरबीत ‘जहरावी’ म्हणतात, बसऱ्याच्या माणसाला ‘बसरी’. जहऱ्यात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांना यात नवल वाटत नाही. आपल्या ‘कर’चाच हा चुलतभाऊ! गंमत अशी, की ज्यू लोकांच्या आडनावांत हे दोन्ही भाऊ भेटतात.

सालेह आणि दाऊद अल कुवैती हे प्रसिद्ध ज्यू संगीतकार बंधू कुवैतचेच. सालेहचा जन्म १९०८ चा, दाऊदचा १९१० चा. हिंदुस्थानात व्यापारासाठी गेलेल्या नातलगानं आणलेल्या व्हायोलिन आणि ऊदवर त्यांचे हात बसले. पुढे इराकमध्ये त्यांनी नाव काढलं आणि १९५० नंतर ते इस्राएलला गेले. कुवैतमध्ये सगळेच कुवैती. हे आडनाव उपयोगी पडलं ते कुवैत सुटल्यावर.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचंही तसंच. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी परंपरा आहे. पुढे ते गावोगाव पांगले. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, किहीमचे किहीमकर. अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत. ओळीनं वाचली तर रायगड जिल्ह्याचा नकाशाच समोर उभा राहतो. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, हेही दिवेकरच.

पण हा ‘कर’ टिकवणं सोपं नव्हतं. इंग्रजी अमदानीत स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहायची रीत पडली आणि गाव मागे राहिलं. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर, पण रस्त्याच्या पाटीवर फक्त ‘डॉ. ई. मोझेस’. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा साऱ्यांना आठवतो, तो डेव्हिड मूळचा चेऊलकर, हे किती जणांना ठाऊक? १९४८ नंतर बहुतेक समाज इस्राएलला गेला. तिथे लोद, दिमोना, अश्दोद अशा शहरांत ज्यांनी ‘कर’ जपला, त्यांच्या नातवंडांना आपलं गाव शोधत कोकणात यायला वाट उरली.

म्हणून सांगावंसं वाटतं. इथल्या फॉर्मवर आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं असं लिहिता लिहिता जागा संपते आणि मुलं आडनाव गाळून मोकळी होतात. कितीही वर्षं राहिलो तरी आपल्याला कोणी ‘कुवैती’ म्हणणार नाही, आणि ‘जहराकर’ तर नाहीच. तेव्हा मुलांना आडनाव पूर्ण लिहायला लावा आणि सुट्टीत त्यातलं गाव दाखवून आणा. गावात मात्र त्या आडनावाचा उपयोग नाही. तिथं तुमची ओळख एकच : ‘कुवेतवाले आले!’