डोंगरमाथ्यावरचा निरोप्या

संकट आले की टेलिफोन मुका होतो, हे आता आपल्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. मोबाइलच्या मनोऱ्यालाही वीज लागते, आणि वीज गेल्यावर त्याच्या बॅटऱ्या काही तासांचीच सोबत करतात. अशा वेळी आठवण होते ती हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजेच 'हॅम' मंडळींची. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानला झोडपले, तेव्हा भारती प्रसाद यांचे हॅम पथक आपली यंत्रे घेऊन पोर्ट ब्लेअरमध्येच होते. बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवण्याचे मोठे काम त्या दिवसांत त्यांच्या हातून झाले.

असे काही घडले की वर्तमानपत्रांतून कौतुक छापून येते. ते योग्यच आहे. पण ऐनवेळी यंत्र चालले, ते आधीच्या साध्यासुध्या दिवसांत कुणीतरी त्याची निगा राखली होती म्हणून, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. मला ते विसरता येत नाही. कारण सह्याद्रीतल्या एका डोंगरावर असलेला रिपीटर सांभाळणाऱ्या चार-पाच जणांपैकी मी एक आहे.

रिपीटर म्हणजे डोंगरावर बसवलेला निरोप्या. आम्ही हातात धरतो ते संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संभाषण संपले. म्हणून उंचावरचे यंत्र एका कंप्रतेवर क्षीण आवाज ऐकते आणि त्याच क्षणी, फक्त ६०० किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या कंप्रतेवर, तो जोरात पुन्हा बोलते. कानाशी ढोल वाजत असताना दूरची कुजबुज ऐकण्यासारखाच हा प्रकार. ढोल आणि कुजबुज वेगळी ठेवण्याचे काम धातूची लांब नळकांडी करतात. त्यांना डुप्लेक्सर म्हणतात. त्यांची जुळणी किंचित हलली, तरी रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो.

आमचा खरा शत्रू पाऊस. अँटेनापासून खाली येणाऱ्या केबलच्या सांध्यात एकदा पाणी शिरले, की ते केबलभर झिरपते आणि पाठवलेली शक्ती वाटेतच मुरते. म्हणून मृगाच्या आधी प्रत्येक सांधा उघडून, पुसून, रबरी टेपने नव्याने गुंडाळायचा. विजेपासून बचावासाठी अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ आहे ना, ते पाहायचे. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचे. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टोकांवरची पांढरी बुरशी खरवडून व्हॅसलीन लावायचे. पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलेले असते, नाहीतर पाल चिकटून मेलेली असते. हे सगळे करायला दोन तास चढायचे आणि उजेड असेपर्यंत उतरायचे.

आवाजाच्या रिपीटरशेजारीच आमची पॅकेट रेडिओची पेटी आहे. १९७८ साली कॅनडातल्या हौशी मंडळींनी हा मार्ग चोखाळला. मजकुराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे सांकेतिक नाव घालायचे, शेवटी तपासणीचा आकडा जोडायचा. पॅकेट म्हणजे पत्ता घातलेले पाकीटच ते! आकडा जुळला नाही तर पाकीट टाकून दिले जाते आणि पोच मिळेपर्यंत पाठवणारे यंत्र ते पुन्हा पाठवते. वेग सेकंदाला १२०० बिटांचा, म्हणजे आजच्या मानाने बैलगाडीचा. पण औषधांच्या यादीत 'सात' होते की 'साठ', हा घोळ खरखरीत आवाजात होऊ शकतो. पाकिटात तो टळतो.

मात्र या पेटीचे दुखणे फसवे असते. आवाजाची पातळी थोडी जास्त झाली, तर कानाला काहीच वावगे वाटत नाही; समोरचा संगणक मात्र पाकिटामागून पाकीट नाकारत बसतो. तेथे कानावर भरवसा न ठेवता मोजमाप घ्यावेच लागते.

देखभालीचे मोल मला कळले ते 'हॅमसॅट'मुळे. ५ मे २००५ रोजी इस्रोने हौशी रेडिओसाठी हा छोटा उपग्रह सोडला. जणू आकाशातला रिपीटरच! त्याने नऊ वर्षे इमानाने सेवा केली आणि जुलै २०१४ मध्ये तो थांबला. कारण ऐकून मी चपापलो : बॅटऱ्या निकामी झाल्या होत्या. तेथे कुणी चढून जाऊ शकत नव्हते. आमच्या डोंगरावर जाता येते, एवढाच काय तो फरक. पण जाणारे पाय हवेत.

आणि खरी काळजी त्या पायांचीच आहे. आमच्यातल्या दोघांचे गुडघे आता कुरकुरतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना घेणारी तरुण मुले आजही भेटतात. त्यांना दूरदेशीचे आवाज पकडायला आवडते, पण केबलचा सांधा पुसायला सोबत येणारा विरळाच. या कामात पैसा नाही. हौशी परवान्यावर कमाई करायला कायद्यानेच बंदी आहे. नावही नाही. रिपीटर नीट चालतो तोवर तो आहे, हेदेखील कुणाला जाणवत नाही.

तरीही पुढच्या खेपेला एखाद्या मुलाला बरोबर न्यायचे, त्याच्या हाती टेपचे भेंडोळे द्यायचे आणि सांधा त्यालाच गुंडाळू द्यायचा, असे आम्ही ठरवले आहे. यंत्र पुस्तकातून शिकता येते. पावसाळ्यापूर्वी डोंगर चढायची सवय मात्र एका हातातून दुसऱ्या हातातच द्यावी लागते.