घरात राहूनही दूर: देवाशी नातं म्हणजे काय?

गेल्या वेळी आपण देवाच्या अस्तित्वाची प्रमाणं तपासली. त्यानंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली. ‘तीस वर्षं दर रविवारी चर्चला जातो, प्रार्थना म्हणतो, दान देतो. देव आहे हे मान्यच आहे. पण तो कधी जवळचा वाटला नाही. माझं कुठं चुकतं?’ आज आपण या चिठ्ठीविषयीच बोलू.

प्रमाणांनी हा प्रश्न सुटत नाही, हे आधी मान्य करू. ‘माहीत असणं’ वेगळं आणि ‘ओळखणं’ वेगळं. शेजाऱ्याचं नाव, गाव, नोकरी सगळं माहीत असतं; पण अडल्यावेळी रात्री त्याचं दार ठोठवायला आपण कचरत असू, तर ती नुसती माहिती झाली.

लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. आपलं सगळं लक्ष त्या धाकट्याकडे जातं. जरा थोरल्याकडे बघा. तो घर सोडून गेला नाही, शेतात राबला, बापाची आज्ञा मोडली नाही. पण भाऊ परतल्यावर तो रागानं जे बोलतो, त्यात हिशेब आहे: इतकी वर्षं राबलो, मला काय मिळालं? म्हणजे घरात राहूनही तो स्वतःला मुलगा समजत नव्हता, गडी समजत होता. आणि बाप काय करतो? बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. धाकट्यासाठी धावला तोच बाप थोरल्यासाठीही अंगणात आला. ख्रिस्ती परंपरा जिला कृपा म्हणते, ती ही. नात्याची सुरुवात आपल्या कष्टांतून होत नाही, त्याच्याकडून होते.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. विद्वत्ता होती, सेवा होती, धर्मही होता. तरी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की क्षमा ही मिळवायची गोष्ट नाही, स्वीकारायची आहे.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारेल: ही नुसती भावना नाही कशावरून? प्रश्न रास्त आहे. याला ख्रिस्ती परंपरेनंच एक कसोटी दिली आहे. योहानाचं पहिलं पत्र सांगतं, की दिसणाऱ्या भावावर प्रेम नसेल तर न दिसणाऱ्या देवावरच्या प्रेमाची भाषा खोटी. रमाबाईंना समाधान मिळालं म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, केडगावला मुक्ती उभं राहिलं. काम आधीही होतंच. फरक असा, की आता ते देवाला खूश करण्यासाठी नव्हतं. भरून आलेल्या मनातून होत होतं.

आणि काहीच वाटत नसेल तर? सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत क्रूसाचे योहान या कोरडेपणाला ‘काळोखी रात्र’ म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, की प्रार्थनेतला गोडवा गेला म्हणजे देव गेला असं नाही. गोडव्यासाठी देव हवा होता, की देवासाठी देव, हे त्या काळोखातच कळतं. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे! म्हणजे तक्रार ही प्रार्थनाच आहे.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या आपल्या मित्राला काय सांगावं? उपासना सोडू नका. पण दिवसातली दहा मिनिटं पाठ केलेले शब्द बाजूला ठेवा आणि जे मनात आहे तेच बोला. राग असेल तर राग, कंटाळा असेल तर कंटाळा. मग थोडं गप्प बसा. त्या दिवशी ज्याच्याशी अबोला आहे, त्याला एक फोन करा.

गोष्टीतला थोरला मुलगा बापाशी मोकळेपणानं बोललेला आपल्याला दिसतो, तो या तक्रारीतच. ‘माझं कुठं चुकतं’ हा प्रश्नही तसाच आहे. तो आम्हाला विचारलात, तसा त्यालाही विचारा. थोरला शेवटी घरात गेला का, हे लूक सांगत नाही. गोष्ट तिथंच थांबते. बाप मात्र अजून बाहेरच उभा आहे.